आकाशालाही रस्ते असतात!

आज सुरुवातीलाच एक कबुली देते. ही माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या शाळेत वार्षिक खेळ होते. चौथीची मुलं लेझीम खेळणार होती. ठरवता ठरवता कुणीतरी म्हणालं, "बाई, या वेळी फोटो वरून काढू या की. लग्नात काढतात तसे!" सगळ्यांना कल्पना आवडली आणि काम आलं माझ्याकडे. मी ओळखीतून एका ड्रोनवाल्याला फोन केला. विचारलं, "किती घेणार? व्हिडिओ कधी मिळणार? पेनड्राइव्ह आमचा की तुमचा?" झालं, सगळं ठरलं.

त्या दिवशी लेझीम अगदी रंगात आली होती. हलगी कडाडत होती. डोक्यावर मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज करत ड्रोन फिरत होता. लेझीम सोडून सगळ्यांच्या माना वर! तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. ड्रोन सरकला, लिंबाच्या फांदीला अडला आणि दगडासारखा खाली आला. आला तो कुठे? दुसरीची मुलं मांडी घालून बसली होती, तिथे. एका मुलीपासून दोन वितींवर.

पंख्याच्या पात्याचा तुकडा उडून तिच्या कोपराला खरचटलं. तेवढंच. मलम लावलं, ती हसलीसुद्धा. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. त्या दोन विती सारख्या डोळ्यांसमोर येत होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने हात वर केला. "बाई, त्या काकांकडे लायसन होतं का?"

"का रे?"

"माझे पप्पा रिक्षा चालवतात. पोलीसमामा त्यांना पहिल्यांदा तेच विचारतात की."

मला उत्तर देता आलं नाही. मी पैसे विचारले होते, पेनड्राइव्ह विचारला होता. हे विचारलंच नव्हतं. आता शिक्षकाला उत्तर आलं नाही, तर त्याने काय करायचं? जे तुम्ही करता तेच. अभ्यास! तो मी केला आणि आज तुम्हाला सांगायला बसले आहे. आई-बाबांनाही शेजारी बसवा बरं का. पुढचं बरंचसं त्यांच्याही कामाचं आहे.

पतंग, विमान आणि ड्रोन

ड्रोन म्हणजे आत वैमानिक नसलेलं विमान. वैमानिक असतो, पण तो जमिनीवर उभा असतो. हातातल्या रिमोटवरून तो हुकूम सोडतो आणि ड्रोन रेडिओलहरींमधून ते ऐकतो.

आपल्याला नेहमी दिसतो तो चार पंख्यांचा ड्रोन. त्याची गंमत माहीत आहे? चारही पंखे एकाच दिशेने फिरत नाहीत. दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, तर दोन उलट. सगळे एकाच दिशेने फिरले असते, तर ड्रोन स्वतःच भोवऱ्यासारखा गरगरला असता! पुढे जायचं असेल तेव्हा मागचे पंखे जोरात फिरतात, मग ड्रोन पुढे कलतो आणि सरकतो. आत बसवलेला छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा तपासत असतो, "मी तिरका तर झालो नाही ना?"

पण यातच एक धोका आहे. मोठ्या विमानाचं इंजिन बंद पडलं, तरी पसरलेल्या पंखांच्या आधाराने ते काही अंतर तरंगत जाऊ शकतं. पतंगाची दोरी तुटली, तर तो हेलकावे खात खाली येतो. चार पंख्यांच्या ड्रोनला पंखच नाहीत. पंखा मोडला किंवा बॅटरी संपली, की तो सरळ पडतो. आमच्या लिंबाखाली पडला तसा.

आणखी एक गंमत. आपल्या देशात विमानांसाठी १९३४ साली एक कायदा झाला. त्यात 'विमान' कशाला म्हणायचं याची यादी होती. त्या यादीत फुगे होते, ग्लायडर होते आणि चक्क पतंगही होता! १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना एक गोष्ट पक्की कळली होती. वस्तू लहान असो की मोठी, ती आकाशात गेली की आकाश वाटून घ्यावं लागतं.

चिमणीची आठवण

आपल्या सोलापूरच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. १५ जून २०२३ आठवतो? होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळ साखर कारखान्याची उंच चिमणी होती. सुमारे नव्वद मीटर उंचीची. विमानाच्या वाटेत अडथळा येतो म्हणून त्या दिवशी ती पाडली गेली. त्यावरून गावात किती वाद झाला, किती लोक हळहळले, तेही तुम्ही घरी ऐकलं असेल. त्यानंतर विमानतळ सज्ज झाला. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईला.

आता जरा विचार करा. चिमणी जागची हलत नव्हती. ती नकाशावर होती. प्रत्येक वैमानिकाला ती कुठे आहे हे माहीत असायचं. तरीही ती वाटेत नको, असं ठरलं. मग जो दिसत नाही, नकाशावर नाही, कधी इकडे तर कधी तिकडे उडतो, असा ड्रोन वैमानिकाला कसा चालेल?

गोव्याच्या मार्गावर सुरुवातीला आलं तसलं पंख्याचं विमान उतरतानाही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. आपल्या शाळेचं पटांगण एका सेकंदात पार! समोर अचानक ड्रोन आला, तर वैमानिकाने वळायचं तरी कधी?

परदेशात अशी वेळ येऊन गेली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या. सावधगिरी म्हणून धावपट्टी बंद केली गेली. सुमारे एक हजार विमानांची ये-जा कोलमडली आणि सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी खोळंबले. आपल्याकडे दिवाळीत एसटी स्टँडवर अडकलेली गर्दी आठवा आणि तिला किती पटींनी गुणायचं ते तुम्हीच ठरवा. ड्रोन कुणाचा, ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

पाव किलोचा प्रश्न

"पण बाई, ड्रोन केवढासा असतो!" असं तुम्ही म्हणाल.

जगातल्या बहुतेक ड्रोन-नियमांत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो, २५० ग्रॅम. म्हणजे पाव किलो. आपल्या शेंगा चटणीची पाव किलोची पुडी हातात घेऊन पाहा. हलकी वाटते ना? पण चौथ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीपर्यंत येताना ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. त्या वेगाने आलेली पुडी डोक्यावर झेलायची कुणाची तयारी आहे? (हा प्रयोग फक्त मनात करायचा हं! प्रत्यक्षात नाही.) म्हणून पाव किलोच्या आतल्या ड्रोनला थोडी सूट आणि त्याच्या वर नियम अधिक कडक, असा हिशेब आहे.

सूट म्हणजे मोकळं रान नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराजवळ भयंकर वणवा पेटला होता. कॅनडाहून मदतीला आलेली पिवळी विमानं समुद्रातून पाणी भरायची आणि आगीवर ओतायची. ९ जानेवारीला एका माणसाने आग कशी दिसते ते पाहायला आपला छोटा ड्रोन उडवला. ड्रोन अडीच किलोमीटर लांब गेला आणि दिसेनासा झाला. नेमका तो त्या पाणी नेणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखाला भोक पडलं. आतले दोघे वैमानिक सुखरूप उतरले, हे नशीब. पण विमान दुरुस्तीसाठी काही दिवस जमिनीवर राहिलं. लोकांची घरं जळत असताना!

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला फक्त पाहायचं होतं. ड्रोन नजरेच्या पलीकडे गेला आणि घोटाळा झाला. म्हणूनच रोजच्या साध्या उड्डाणासाठी देशोदेशींचा पहिला नियम आहे, ड्रोन तुमच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर नव्हे, आकाशात.

जर्मनीच्या मामाचा ड्रोन

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा मामा जर्मनीत नोकरीला आहे. दिवाळीला येताना भाच्यासाठी ड्रोन आणायचा त्याचा बेत होता. त्या निमित्ताने युरोपातले नियम मी समजून घेतले.

पूर्वी युरोपात प्रत्येक देशाचे नियम निराळे होते. एका देशात चालेल ते सीमा ओलांडली की चालेना. ३१ डिसेंबर २०२० पासून युरोपीय संघाच्या सगळ्या देशांसाठी एकच नियमावली लागू झाली. तिचे तीन भाग आहेत. आपल्या रस्त्यावरच्या भाषेत सांगते.

पहिला भाग 'खुला'. ही जणू सायकल आणि स्कूटर. कमी धोक्याचं उडणं. ड्रोन २५ किलोच्या आत हवा, नजरेसमोर हवा, जमिनीपासून १२० मीटरच्या वर जायला नको आणि गर्दीच्या डोक्यावरून तर मुळीच न्यायचा नाही. एवढं पाळलं, तर प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागत नाही.

दुसरा भाग 'विशिष्ट'. हा जणू मालट्रक. नजरेपलीकडे किंवा जास्त उंच उडवायचं असेल, तर आधी धोक्याचा अभ्यास करून सरकारची परवानगी घ्यावी लागते.

तिसरा भाग 'प्रमाणित'. ही प्रवाशांनी भरलेली बस समजा. माणसं किंवा धोकादायक माल नेणारे ड्रोन यात येतात. त्यांना जवळजवळ खऱ्या विमानासारखेच नियम.

मधेच प्रश्न पडला असेल, १२० मीटरच का? शंभर का नाही, दोनशे का नाही? मोकळ्या मुलखावर नेहमीची विमानं साधारणपणे १५० मीटरच्या खाली उडत नाहीत. ड्रोन १२० च्या खाली, विमान १५० च्या वर, आणि मधे ३० मीटरची मोकळी पट्टी. रस्त्याच्या मधला दुभाजकच म्हणा ना! मजल्यांत मोजायचं तर १२० मीटर म्हणजे चाळीस मजले.

आता मामाचं पाहू. त्याचा ड्रोन २४९ ग्रॅमचा. म्हणजे परीक्षा नाही, फक्त माहितीपुस्तिका नीट वाचायची. पण त्या ड्रोनला कॅमेरा होता. कॅमेरा असला की वजन कितीही कमी असो, उडवणाऱ्याला नाव नोंदवावं लागतं. (अगदी लहान मुलांचं खेळणं म्हणून बनवलेला ड्रोन असेल तरच सूट.) नोंदणीचा नंबर ड्रोनवर चिकटवावा लागतो. जर्मनीत विमाही सक्तीचा आहे. शिवाय, २०२४ च्या सुरुवातीपासून युरोपातल्या बऱ्याच जड ड्रोनना उडताना आपला नंबर रेडिओलहरींवरून सतत सांगत राहावं लागतं. चालता-बोलता नंबरप्लेटच!

ड्रोन पाव किलोच्या वर असेल, तर परीक्षा आलीच. संगणकावर ४० प्रश्न, प्रत्येकाला पर्याय दिलेले. उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात. म्हणजे किती बरोबर हवेत? करा पाहू हिशेब! (तीस.) प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, मग पुन्हा उजळणी. परीक्षेत नुसती यंत्राची माहिती नसते. 'माणसाच्या मर्यादा' हाही एक विषय असतो. झोप झाली नसेल, डोकं ठिकाणावर नसेल, तर उडवू नका, हे तिथे शिकावं लागतं. आणखी एक विषय असतो, 'दुसऱ्याचा खासगीपणा'. त्याच्याकडे आपण परत येऊ.

वयाची अट सोळा वर्षांची आहे. काही देशांनी ती खाली आणली आहे. प्रमाणपत्र असलेला मोठा माणूस शेजारी उभा राहून लक्ष देत असेल, तर लहानांनाही उडवता येतं.

मग मामाने ड्रोन आणला का? नाही. कारण ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारत सरकारने परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी घातली. संशोधन, संरक्षण अशा कामांसाठीच अपवाद ठेवले. सुटे भाग आणायला मोकळीक दिली, म्हणजे ड्रोन इथेच बनावेत. भाचा आधी रुसला. मग मामाने एक कॅरमबोर्ड घेऊन दिला आणि प्रकरण मिटलं.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात 'ड्रोन नियम २०२१' हे २५ ऑगस्ट २०२१ ला आले. इथे ड्रोनचे पाच वर्ग वजनावर पाडले आहेत :

* नॅनो : २५० ग्रॅमपर्यंत
* मायक्रो : त्यापुढे २ किलोपर्यंत
* लहान : २ ते २५ किलो
* मध्यम : २५ ते १५० किलो
* मोठा : १५० किलोच्या वर

युरोपात नंबर मिळतो तो माणसाला. तोच नंबर तो आपल्या सगळ्या ड्रोनवर लावतो. आपल्याकडे ओळख क्रमांक मिळतो तो ड्रोनला. प्रत्येक गाडीला वेगळी नंबरप्लेट असते, तसा.

आता त्या रिक्षावाल्या पप्पांच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. ड्रोन उडवण्याच्या परवान्याला आपल्याकडे आता 'रिमोट पायलट प्रमाणपत्र' म्हणतात. ते मिळवायला वय १८ ते ६५ हवं, दहावी पास हवं, आणि सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन चाचणी द्यावी लागते. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. नॅनो ड्रोनला ते लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेखातर उडवला तरी लागत नाही. पण मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन शूटिंग करायचं असेल, तर लागतं! आमच्याकडे आला होता तो ड्रोन पाव किलोपेक्षा चांगलाच जड होता. म्हणजे त्या काकांकडे प्रमाणपत्र हवंच होतं, आणि ते मी पाहायला हवं होतं.

याशिवाय, आकाशाचा एक रंगीत नकाशा आहे. अगदी सिग्नलसारखा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे तेच १२० मीटर, वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल, म्हणजे पंखा, टाकायचा नाही. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक, त्यावर पुन्हा परवानगी.

आपला विमानतळ तर गावाला अगदी खेटून आहे. म्हणजे शहराचा केवढा भाग त्या आठ किलोमीटरांत येतो पाहा! आमची शाळाही येते. लग्नाची वरात, गल्लीतला गणपती, वाढदिवस, जिथे सहज ड्रोन उडताना दिसतात, तिथल्या कितीतरी जागा येतात.

नियम मोडला, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाला, तर ४८ तासांत कळवायचं असतं. नॅनो सोडून बाकीच्या ड्रोनना तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा लागतो. एखाद्या मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचे अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत.

गच्चीवर कोण आहे?

आता तो राहिलेला विषय. आपल्या सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय, हे मी सांगायला नको. रात्री कितीतरी घरं गच्चीवर झोपतात. आजी पापड वाळत घालते, ताई केस वाळवत बसते. वर कॅमेरा आला तर? दाराला कडी असते, खिडकीला पडदा असतो. गच्चीला वरून काहीच नसतं. म्हणून खालच्या माणसाचा मान राखायचा, हाही उडवण्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. शेजाऱ्याच्या घरात आपण न विचारता डोकावत नाही. वरून डोकावणं वेगळं कसं?

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांवर रात्री ड्रोन फिरताना दिसले. कुणाचे, कशाला, काहीच कळेना. चोर टेहळणी करतात, अशी आवई उठली. लोक काठ्या घेऊन रात्र रात्र जागले. ज्याच्यावर नंबर आहे आणि ज्याचा मालक ठाऊक आहे, अशा ड्रोनची कुणाला एवढी भीती वाटली असती का?

कारण ड्रोन काही वाईट नाही बरं! तुमच्या गावच्या आजोबांना विचारा. 'स्वामित्व' योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली असेल, तर ते सांगतील. ही योजना २०२० साली सुरू झाली. आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात तिचा प्रयोग आधीच झाला होता. आधी घरांच्या हद्दींवर चुन्याच्या फक्क्या मारतात, मग ड्रोन वरून फोटो घेतो, आणि त्यावरून नकाशा तयार होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं मिटवायला असा नकाशा कामी येतो. 'ड्रोन दीदी' योजनेत बचत गटांच्या बायकांना पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. ड्रोन चालवायला आणि पिकावर खत-औषध फवारायला त्या शिकतात. पाठीवर पंप घेऊन उसात शिरणं किती कष्टाचं असतं, हे शेतकऱ्यांच्या मुलांना विचारा. आषाढीला पंढरपुरात गर्दीवर लक्ष ठेवायला पोलीसही ड्रोन वापरतात. हे सगळे शिकलेले हात आहेत.

आई-बाबांसाठी चौकट : ड्रोनवाल्याला विचारायचे पाच प्रश्न

१. ड्रोनचं वजन किती? त्याचा ओळख क्रमांक दाखवाल का?
२. पाव किलोच्या वर असेल, तर तुमचं रिमोट पायलट प्रमाणपत्र कुठे आहे?
३. आमची जागा नकाशावर कोणत्या रंगात येते? परवानगी लागत असेल, तर घेतली आहे का?
४. विमा आहे का?
५. माणसांच्या डोक्यावरून न नेता शूटिंग कराल ना?

पाचही उत्तरं नीट मिळाली, तरच पेनड्राइव्हचं बोला!

करून पाहा

सोलापूर शहर आणि परिसराचा नकाशा घ्या. नकाशाचं प्रमाण पाहा. विमानतळावर कंपासचं टोक ठेवा आणि प्रमाणानुसार आठ किलोमीटर व बारा किलोमीटर त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. तुमचं घर कुठे येतं? शाळा? सिद्धेश्वराचं तळं? मावशीचं घर? खरी मोजणी विमानतळाच्या कुंपणापासून होते, त्यामुळे तुमचा नकाशा अंदाजाचा असेल. पण वर्तुळ आणि त्रिज्या मात्र पक्की होईल. आमच्या चौथीच्या वर्गाने हा उद्योग केला आणि फळ्याशेजारी लावला आहे.

या वर्षी पुन्हा खेळ झाले. पुन्हा लेझीम झाली. मी त्या पाच प्रश्नांची चिठ्ठी हातात घेऊन दोन ड्रोनवाल्यांना फोन केले. पहिल्याने फोन ठेवून दिला. दुसरा म्हणाला, "बाई, प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. पण तुमची शाळा विमानतळाजवळ आहे, परवानगी लागेल. आणि खरं सांगू? लहान मुलांच्या डोक्यावर मी उडवणारच नाही." मी त्याचे आभार मानले आणि नंबर जपून ठेवला.

मग फोटो? आमच्या शिपाईमामांनी शाळेच्या गच्चीवरून काढला. कठड्याच्या आत उभं राहून, माझ्याच मोबाइलवर. फोटो जरा तिरका आला आहे. कोपऱ्यात त्यांचा अंगठाही आला आहे. पण लेझमाची रांग स्पष्ट दिसते, आणि लिंबाच्या सावलीत मागच्या वर्षीची ती मुलगी दिसते. आता ती तिसरीत आहे. तिने मान वर केलेली नाही. ती समोरची लेझीम पाहते आहे आणि टाळ्या वाजवते आहे.

तुमची मान वर जाईल आणि आकाशात ड्रोन दिसेल, तेव्हा एवढंच विचारा, "काका, लायसन आहे का?"